शेडमधली पद्मिनी भंगारात घालण्याआधी

आधीच सांगून टाकतो, हा लेख ‘व्हिंटेज कार’वर नाही. व्हिंटेज कार म्हटलं की आठवतात राजेरजवाडे, त्यांच्या रोल्स-रॉईस आणि रॅलीत फेटा बांधून बसलेली हौशी मंडळी. त्यांच्या एका टायरच्या किमतीत आपल्या अख्ख्या मजल्याचं मेसबिल निघेल. मी लिहितोय ते साध्या फियाटबद्दल, म्हणजे प्रीमियर पद्मिनीबद्दल. आमच्या पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पहिल्या चांगल्या पैशातून काही घरांत हीच गाडी आली, त्यातलं एक घर आमचं. आज अशी गाडी कुठे असते? पॅकिंग शेडच्या मागे. टायर बसलेले, वर फाटकी ताडपत्री, मागच्या सीटवर कोंबडीची अंडी. घरात कुणालाच ती विकवत नाही आणि कुणालाच ती चालवायची नसते. मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला येतो, वजनावर बोली होते आणि विषय मिटतो.

माझं मत असं, की तो विषय एवढ्या घाईने मिटवू नका. ही गाडी घरच्या अंगणात, बेताच्या पैशात परत चालू होते. फक्त ती आत्ताच करावी लागेल. आणखी सात-आठ वर्षांनी तुम्ही कमावते व्हाल, खिशात पैसे असतील, पण तेव्हा गाडी होणार नाही.

का होणार नाही हे कळायला थोडा इतिहास पाहिजे. (कंटाळू नका, यावर व्हायवा नाही.) सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मूळचे सोलापूरचे. या माणसाने जहाजं, विमानं आणि मोटारी अशा तिन्ही धंद्यांत हात घातला. आपल्याला तीन विषय एका वेळी निघत नाहीत. त्यांचा विमानांचा कारखाना म्हणजे १९४० सालची बंगळूरची हिंदुस्तान एअरक्राफ्ट, तीच पुढे एचएएल झाली. म्हणजे आमच्या शेजारचं ओझरचं एचएएल आणि आमच्या शेडमधली फियाट या तशा चुलत बहिणीच म्हणायच्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि थेट २००० च्या आसपासपर्यंत ती निघत राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बहुतेकींना स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. १९८३ च्या शेवटी मारुती ८०० आली आणि पद्मिनीचे दिवस फिरले, तरी मुंबईत तिची टॅक्सी काही सुटली नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. ही गाडी इतकी वर्षं स्वस्तात दुरुस्त होत राहिली याचं श्रेय गाडीच्या मालकांना नाही, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना आहे. टॅक्सी रोज पळायची, रोज काहीतरी झिजायचं. त्यामुळे क्लच प्लेट, ब्रेक लायनर, कार्ब्युरेटरची किट, दाराचे रबर हे सगळं कुणीतरी बनवत होतं, कुणीतरी दुकानात ठेवत होतं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. हिशोब सोपा आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीची काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले, लोकांनी हळहळ केली. पण टॅक्सी गेली म्हणजे सुट्या भागांचं गिऱ्हाईकही गेलं, याकडे फारसं कुणी बघितलं नाही. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला, कुर्ल्याच्या भंगार बाजारात अजून माल सापडतो. मला वाटतं दुकानदार आहे तो साठा संपवतायत, नवीन कोण भरणार? आत्ता एखादा व्हील सिलिंडर दुकानदार धूळ झटकून ‘घेऊन जा एकदाचा’ म्हणून देतो. उद्या तोच ‘दुर्मीळ’ म्हणून काचेच्या कपाटात बसेल आणि रॅलीवाल्यांच्या भावात विकला जाईल.

माल एक वेळ लेथवर करून घेता येईल. माणूस कुठून करून घेणार? आमच्याकडे आग्रा रोडला एक चाचा आहेत, सत्तरी ओलांडलेले. कार्ब्युरेटर हातात घेऊन नुसता हलवतात आणि फ्लोट अडकलाय की सुई झिजलीय ते सांगतात. त्यांचा एक मुलगा जेसीबी चालवतो, दुसऱ्याचं मोबाइलचं दुकान आहे. प्लग-पॉइंट साफ करून इंजिनाचा आवाज ऐकत डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा आणि नेमक्या जागी आवळायचा, ही विद्या त्यांच्या कानात आहे. मी टायमिंग लाइट घेऊन गेलो तर म्हणाले, "बेटा, पहले कान से देख." नंतर लाइट लावून बघितला. बरोबर होतं.

आता पैशाचं बोलू, कारण हौसेचे लेख इथेच गप्प बसतात. आमची गाडी १९८६ सालची, आजोबांची. भंगारवाल्याने बावीस हजार सांगितले होते. त्या वर्षी अवकाळीने बागेची दैना झालेली, घडांना तडे गेलेले, आणि काकांचं म्हणणं अगदी रास्त होतं: "बावीस तर बावीस, औषधाची उधारी तरी फिटेल." शेतकऱ्याच्या घरात जुनी गाडी ही हौस आहे, आणि हौसेला पाळी बागेनंतरच मिळते. म्हणून आम्ही असं ठरवलं, की दर हंगामात माल गेल्यावर जे बाजूला पडेल तेवढंच गाडीवर घालायचं, उसनं एक रुपया नाही. दोन वर्षं लागली. आजवरचा खर्च एक लाख नऊ हजार. पत्राकाम सव्वीस, ब्रेक अकरा, इंजिन चोवीस, टायर चौदा, वायरिंग आठ, सीट सात आणि सरकारी कागद एकोणीस हजार. रंग अजून बाकी आहे. आपल्याच विंगमध्ये याच्याहून महागाचा लॅपटॉप घेऊन दिवसभर क्रिकेटचा गेम खेळणारे महाभाग आहेत, त्यांनी नाक मुरडू नये.

रंग बाकी आहे हे मी मुद्दाम सांगतोय. बजेटमध्ये गाडी करायची तर रंग सगळ्यात शेवटी, हा माझा हट्टच आहे. मी बघितलेल्या अर्ध्यावर पडलेल्या गाड्यांची कहाणी एकच आहे. आधी चकाचक रंग, मग अलॉय व्हील, मग म्युझिक सिस्टिम, आणि ब्रेकपर्यंत येईतो पैसे खल्लास. लग्नाच्या मांडवाला पैसे घालून जेवणाचा आचारीच ठरवला नाही, तसला प्रकार.

पहिला खर्च कागदाचा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी दहा हजार झालीय. आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला असेल तर दंड वेगळा. गाडी आजोबांच्या नावावर आणि आजोबा हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, नूतनीकरणाला फॉर्म २५. नंबर जुन्या तीन अक्षरी सिरीजचा असेल तर आरटीओच्या कॉम्प्युटरवर गाडी सापडतेच असं नाही, आधी ती नोंद चढवून घ्यावी लागते. गावात हमखास कुणीतरी सांगतो, ‘पंधरा वर्षांची गाडी आता बंद, कायदा आलाय.’ तो कायदा दिल्ली आणि आजूबाजूच्या भागाचा, महाराष्ट्रात तसा सरसकट नाही. दुसरा शहाणा सांगतो, ‘व्हिंटेजमध्ये टाक.’ २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी. आमची २०३६ ला होईल. आणि व्हिंटेज नंबर घेतला की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. मग आजीला वणीला कशी न्यायची? कागद होत नसतील तर गाडीवर एक रुपयाही घालू नका, एवढं मात्र छाती ठोकून सांगतो.

मग पत्रा. इथे जरा थांबतो, कारण आमच्या भागाचं दुखणं इथेच आहे. जीपला, ट्रकला खाली वेगळी चेसिस असते. वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. पद्मिनी मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हीच चेसिस. दाराखालचा पट्टा आणि फ्लोअर सडला तर गाडी मधोमध वाकते. आता ही गाडी ठेवलेली कुठे असते? शेडमध्ये. त्याच शेडमध्ये आणखी काय असतं? बोर्डोसाठी आणलेलं मोरचूद, गंधकाच्या गोण्या, खतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ओलाव्यात ते लोखंडाला लागलं की तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड फेरस सल्फेट होऊन निघून जातं. अकरावीत परीक्षानळीत खिळा टाकून केलेला तो प्रयोग आमच्या शेडमध्ये कित्येक वर्षं चालू होता, परीक्षानळीच्या जागी गाडी. एका बाजूच्या फ्लोअरमधून हात आरपार जायचा. त्यातून पूर्वी कुठल्याशा गॅरेजने डाव्या पट्ट्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला. दिसायला एकदम गुळगुळीत! गाडी बघायला जाताना फ्रीजच्या दारावरचं लोहचुंबक खिशात ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

सडलेलं कापून नवीन २० गेजचा पत्रा लावायचा. आर्क वेल्डिंगने एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात. मिग पाहिजे, नाहीतर हात बसलेला गॅसवाला. त्याआधी बॅटरी काढायची आणि पेट्रोलची टाकी तर गाडीपासून लांबच ठेवायची. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आणि पट्टा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा अँगल टाक्याने धरून ठेवायचा, नाहीतर बॉडी खाली बसते आणि मग दार जन्मात लागत नाही. आम्ही द्राक्षाच्या मंडपाचे उरलेले अँगल वापरले. ते काम केलं मंडप उभारणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यानेच, चाचा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. द्राक्षाच्या गावात राहण्याचा हा फायदा आहे. ब्लोअर, ट्रॅक्टर, ठिबकचे पंप दुरुस्त करणारे हात गल्लोगल्ली आहेत. त्यांना फियाट येत नसेल, पण लोखंड येतं.

छोटे गंजलेले भाग घरीच साफ होतात. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार भागाला, पॉझिटिव्ह एखाद्या भंगार लोखंडाला. रात्रभरात गंज सुटतो. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावरच करा, आणि पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत ‘याचा उपयोग काय’ असं विचारणाऱ्यांसाठी ही माहिती.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. चारही चाकांना ड्रम. व्हील सिलिंडर, रबर, होज, पाइप सगळं नवीन. वायरिंगचंही तेच. उंदराने कुरतडलेल्या तारेला टेप गुंडाळून वाचवलेले आठशे रुपये गाडी पेटल्यावर आठवतात.

इंजिनाला लोक उगाच घाबरतात. आमचं जाम होतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून ओतलं, पाच दिवस तसंच ठेवलं, मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने हळूहळू हलवलं. स्टार्टर मारायचा नाही, रिंगा तुटतात. सुटल्यावर कॉम्प्रेशन बघायचं. कमी आलं तर चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर वाल्व. ‘वेट टेस्ट’ हे दोन शब्द मी जर्नलमध्ये लिहिले होते, पण गेजचा काटा वर चढताना बघितला तेव्हा कुठे ते डोक्यात गेले. हेड ॲल्युमिनियमचं, इंजिन तापलं की वाकतं. ते प्लेन करायला नाशिकला पाठवलं, वाल्व मी घरीच घासून बसवले. प्रत्येक निघालेला नट-बोल्ट द्राक्षाच्या कॅरेटमध्ये, चिठ्ठी लावून. ही शिस्त आम्ही ओझरकडून घेतली असं म्हणायला हरकत नाही. १९६४ साली मिग-२१ साठी तिथला कारखाना निघाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती विमानं निवृत्त झाली. विमानाच्या ओव्हरहॉलमध्ये कुठला भाग कधी काढला आणि कधी बसवला हे लिहिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणारी माणसं, आपल्याला हे जड जातं.

एक नवीन गोष्ट जुन्या मिस्त्रींना सांगावी लागली. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. उसाचं इथेनॉल शेतकऱ्याच्या फायद्याचं, त्यावर माझा वाद नाही. पण इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या प्रकारचं रबर फुगवतं. म्हणून पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यायचे, आणि गाडी महिनोन्महिने भरलेल्या टाकीने उभी ठेवायची नाही.

‘ओरिजिनल’ म्हणून जीव टाकणाऱ्यांना माझं हे आवडणार नाही, पण मी सीट बेल्ट लावलेत. १९८६ ला नव्हते. तेव्हा समोरून ताशी शंभरने येणारी एसयूव्हीपण नव्हती.

आता दुसरी बाजू. हॉस्टेलवर यावरून माझं एकदा जोरदार भांडण झालं. मित्राचा मुद्दा होता, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली, कार्ब्युरेटरवर चालणारी गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीच्या कित्येक पट धूर सोडते, आणि तुम्ही तिचं कौतुक करता. त्याचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच मी कुणाला रोज कॉलेजला पद्मिनीने या म्हणत नाही. महिन्यात शे-दोनशे किलोमीटर, मिश्रण नीट लावलेलं, पीयूसी खरी काढलेली, एवढंच म्हणतो. त्याहून जास्त चालवायची असेल तर बस आहे. आणि सडलेली, कागद नसलेली, चेसिस नंबरही वाचता येत नाही अशी गाडी खुशाल भंगारात द्या, तिचे चांगले भाग तेवढे आधी काढून ठेवा. दुसऱ्या एखाद्या पद्मिनीला लागतील.

पण माझा खरा रोख घराघरांतल्या शेडवर नाही, आपल्या कॉलेजवर आहे. दरवर्षी बी. ई. चे प्रोजेक्ट होतात. त्यातले किती इथल्या वर्कशॉपमध्ये होतात आणि किती शहरातल्या दुकानातून तयार, रिपोर्टसकट येतात, हे विद्यार्थ्यांना माहीत आहे आणि सरांनाही माहीत आहे. मीही पुढच्या वर्षी त्याच रांगेत आहे. आपल्या लॅबमध्ये कापून ठेवलेलं एक इंजिन आहे, लाल-निळा रंग दिलेलं. ते छान दिसतं, पण ते कधीच बिघडत नाही, त्यामुळे कधीच काही शिकवत नाही. त्यापेक्षा डिपार्टमेंटने एक पद्मिनी घ्यावी. आमच्याच गावात दोन पडून आहेत, भंगाराच्या भावात मिळतील. वेल्डिंग शॉप आहे, लेथ आहे, थ्रीडी प्रिंटर काचेच्या पेटीत पाहुण्यांना दाखवायला आहे. चार-चार जणांचे गट करून एकाला पत्रा आणि गंज, एकाला ब्रेक, एकाला इंजिन, एकाला बाजारात न मिळणारे बुश आणि हँडल मोजून त्यांची ड्रॉइंग काढण्याचं काम द्यावं. दोन वर्षांत गाडी चालू होईल. एका बॅचने सोडलं तिथून दुसरीने उचलायचं, म्हणजे मागच्यांनी काय केलं हे नीट लिहून ठेवावंच लागेल.

आणि आणखी एक गट फक्त लिहिण्यासाठी पाहिजे. चाचांना जे येतं ते मराठीत, आकृत्यांसकट, ते सांगतात त्याच शब्दांत. १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर पुस्तकात मिळेल. पण दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा आणि बाकीचे तपकिरी निघाले तर आधी काय बघायचं आणि काय उगाच उघडायचं नाही, ते कुठे मिळेल? मी त्यांना विचारून ठेवलंय. ते यायला तयार आहेत, दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं एवढीच अट आहे. दुपारी जेवल्यावर त्यांना झोप लागते, त्यामुळे प्रॅक्टिकलचा स्लॉट सकाळचा ठेवावा लागेल.